तीन दिवसांची वीज

सुनीतीने पायरीखालची फळी उचलून बाजूला ठेवली, पोटावर आडवी झाली आणि टॉर्च दातांत धरून बॅटऱ्यांच्या खणात दोन्ही हात घातले. साडीवरून चढवलेला फॅक्टरीचा जुना ओव्हरऑल कमरेशी आवळत होता. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती, लोणच्याच्या बरणीच्या काठाला धरते तशी. तिने मगातलं सोड्याचं गरम पाणी हळूहळू त्यावर ओतलं. फसफसून फेस वर आला.

"सापडलं का काही?" पलंगावरून चंद्रशेखरांनी विचारलं.

दातांत टॉर्च असताना तिला बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तेहतीस वर्षांच्या संसारात उलट उत्तर न येता प्रश्न विचारायची ही एकच जागा त्यांना मिळाली होती, आणि ती ते सोडत नसत.

सकाळी साडेआठला मशीन बंद पडलं होतं. चंद्रशेखर तोंडाला मास्क लावून बसलेले, औषधाची वाफ निघतेय, आणि मध्येच इन्व्हर्टरने बारीक शीळ घातली. बॅटरीच्या बारा व्होल्टांचे घरच्यासारखे दोनशे चाळीस करून देणारा तो डबा. बॅटरी उतरली की शीळ घालतो आणि गप्प होतो. मशीनची घरघर थांबली. चंद्रशेखरांनी मास्क काढला, सुनीतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज सुट्टी दिसतेय."

ती हसली नाही. आज तिसरा दिवस होता आणि दुपारी मीनल येणार होती.

मीनल त्यांची एकुलती एक. नॉटिंगहॅमच्या मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डात नर्स. आयुष्यभर होजियरीच्या डायहाउसमध्ये रंगांच्या वाफा ओढून चंद्रशेखरांची छाती गेली होती. एप्रिलमध्ये तीन आठवडे ते हॉस्पिटलात होते, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी हे वाफेचं मशीन, नेब्युलायझर, हातात दिलं. दिवसातून चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, चुकवायचं नाही. घरी म्हणजे बोटीवर. लेस्टरचं घर विकून दोघं पाच वर्षांपूर्वी कालव्यावरच्या या चोपन्न फुटी बोटीवर राहायला आली होती, ती चंद्रशेखरांच्या हट्टामुळे. आणि इथे आल्यापासून ते झोपेत खोकत नसत, ही सुनीतीने स्वतः पाहिलेली गोष्ट.

"बोट विकून टाका," मीनल म्हणाली होती. "माझ्याकडे या. फ्लॅटला लिफ्ट आहे, मेन्सची वीज आहे. इथे काय आहे? बदक."

"बदकं," सुनीती म्हणाली होती.

"तेच ते. आई, मी जोक नाही करत. गेल्या विंटरला तुमचा इंजिन बंद पडला आणि मेकॅनिक तिसऱ्या दिवशी आला. तसं परत झालं तर बाबांचा मशीन कशावर चालणार?"

चंद्रशेखर तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले होते. चहाचा कप त्यांनी तसाच ठेवला.

"इंजिन न लावता तीन दिवस मशीन चालवून दाखवते," सुनीतीने सांगितलं. "नाही चाललं तर सामान बांधू."

"प्रॉमिस?"

"मी काय खोटं बोलते का गं?"

ती बोलत नसे, हे मीनललाही माहीत होतं. सकाळी अंघोळ, देवांना पाणी आणि एक माळ जप झाल्याशिवाय चहासुद्धा न घेणारी आई. तिचा शब्द म्हणजे शब्द.

कामाबद्दल सुनीतीला शंका नव्हती. वीस वर्षं लेस्टरच्या एका कारखान्यात तिने पॅनेलच्या तारा जोडल्या होत्या. जोडलेली प्रत्येक तार ओढून बघायची, ही तिची सवय तिथली. दोन महिने ती बोटीच्या मागे लागली होती. इंजिन चालू असताना बॅटऱ्या भरणारा जुना डायनॅमो काढून मोडीतल्या लॉरीचा अल्टरनेटर बसवला. इंजिन चालू करणारी बॅटरी वेगळी काढली आणि घरच्या वापराला दोन मोठ्या बॅटऱ्या नव्या घातल्या. आधीच्या मालकाने स्पीकरच्या वायरीवर सगळी बोट चालवली होती. ती उपटून तिने अंगठ्याएवढी केबल ओढली. शेवटी कागदावर यादी केली: चार दिवे, पाण्याचा पंप, रेडिओ, मशीन. तीन दिवसांची बेरीज करूनही बॅटऱ्यांत निम्म्याहून जास्त वीज शिल्लक राहत होती. यादी तिने दोनदा तपासली होती.

आणि तरी तिसऱ्या सकाळी शीळ वाजली.

सकाळपासून तिने सगळं पाहिलं. मुख्य स्विचपाशी मीटर लावला. दिवे, पंप सगळं बंद असताना काटा शून्यावर. म्हणजे कुठे गळती नाही. बॅटरीतलं ॲसिड तपासलं, सगळे कप्पे सारखे. म्हणजे बॅटरीही खराब नाही. राहिली होती ही बुरशी. तिने पाना लावला, एका बॅटरीचा क्लॅम्प सोडवला, आणि घाईघाईत दुसरीचाही.

"अगं," चंद्रशेखर म्हणाले, "दिवा गेला."

तिने टॉर्च तोंडातून काढला.

"कुठला?"

"देवाचा."

ती गुडघ्यांवर उठून बसली. कपाटाच्या कोनाड्यात गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण अंधारात होते. चंद्रशेखर हॉस्पिटलात गेले त्या दिवशी तिने संकल्प सोडला होता: यांना बरं वाटेपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. आधी तुपाचा होता. घरी आल्यावर वातीच्या धुराने त्यांना ठसका लागायला लागला, तेव्हा तिने समईच्या खोलगट भागात मोटारीचा छोटा बल्ब बसवला. आणि कुणाच्या हातून चुकून बंद व्हायला नको म्हणून त्याची तार स्विचबोर्डावरून न नेता सरळ बॅटरीवर नेली. बॅटऱ्या बदलतानाही तिने एक जोडलेली ठेवूनच दुसरी काढली होती.

तिने क्लॅम्प पुन्हा टेकवला. लहानशी ठिणगी उडाली. मुख्य स्विच बंद होता, तरी उडाली. कोनाड्यात दिवा लागला.

सुनीतीने ओव्हरऑलच्या खिशातून यादीचा कागद काढला. चार दिवे, पंप, रेडिओ, मशीन. नैवेद्याचं ताट कुणी जेवणाऱ्यांच्या पानांत मोजत नाही, तसा तो दिवा वापरात धरायचा असतो हे तिला सुचलंच नव्हतं. पाच वॅटचा एवढासा बल्ब. पण मशीन दिवसाला तासभर चालायचं आणि दिवा चोवीस तास. तिने कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला. मशीनच्या पाऊणपट वीज तो एकटा घेत होता.

"काय निघालं?" चंद्रशेखरांनी विचारलं.

तिने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोन-तीन श्वास घेतले. बोलण्याआधी त्यांना आता श्वास गोळा करावे लागत.

"मग सोपं आहे. मी चारऐवजी तीनदाच घेतो. दिवा राहू दे. मीनलला कुठे कळतंय?"

"मला कळेल."

"अगं, तुझा नेम आहे तो."

"नेम माझा आहे ना? मग त्याचं काय करायचं ते मी बघते. तुम्ही स्वेटर घाला आणि बाहेर बाकावर जाऊन बसा. मी इंजिन लावतेय. दिवसभर चार्जिंग करायचंय, तो धूर तुम्हाला नको."

"आणि मीनल?"

"तिला फोन करून येते."

कालव्याच्या लॉकपाशी, पाणी अडवणाऱ्या दारांजवळ, टेलिफोन बूथ होता. मीनल निघायच्या बेतातच होती.

"अजून तीन दिवस दे," सुनीती म्हणाली. "आज बंद पडलं."

"आई, दॅट्स चीटिंग."

"चीटिंग कसलं? बंद पडलं ते मीच सांगतेय ना तुला? चूक सापडलीय. रविवारी ये. नाही चाललं तर मीच बॅगा भरून उभी असेन."

मीनल म्हणाली, "संडे. लास्ट चान्स."

परत आल्यावर सुनीतीने पाय धुतले, ओव्हरऑल काढून ठेवला आणि कोनाड्यासमोर उभी राहिली. हात जोडले. काय म्हणाली ते तिचं तिलाच माहीत. डोळे उघडल्यावर तिने कपाटामागे हात घातला आणि त्या तारेचा फ्यूज दोन बोटांनी ओढून काढला. तो तिने हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला. मग ती इंजिनकडे गेली.

रविवारी मीनल आली तेव्हा चार वाजायला आले होते. हातात आईच्या आवडीच्या चिवड्याची पिशवी आणि बाबांसाठी मोजे.

"माझी बस लेट झाला," ती म्हणाली, आणि खाली बसायच्या आधीच व्होल्टमीटरपाशी गेली. इंजिनावर हात ठेवून बघितलं. गार होतं.

"हात लावून काय बघतेस," चंद्रशेखर म्हणाले, "तुझ्या आईवर विश्वास नाही?"

"आहे. तुमच्यावर नाही. तुम्ही गुपचूप लावलं असेल."

"मला वाकता येतं का?"

मीनलने औषध स्वतः भरलं, मास्क स्वतः लावला आणि स्विच दाबला. मशीन घरघरायला लागलं. सुनीती स्टोव्हपाशी चहा करत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाच मिनिटं झाली. दहा. मीनलची नजर घड्याळावरून मीटरवर आणि मीटरवरून वडिलांच्या छातीवर फिरत होती. पंधराव्या मिनिटाला वाफ संपली आणि मशीन फुरफुरायला लागलं. इन्व्हर्टर गप्प होता.

"बारा पॉइंट तीन," मीनल म्हणाली.

"अजून उद्या पुरेल," सुनीती म्हणाली आणि चहा गाळला.

मास्क काढून चंद्रशेखर उठले. स्वेटर चढवून, कठड्याला धरत, बदकांना काहीतरी घालायला म्हणून बाहेर गेले. खरं तर त्यांना मुलीचं उत्तर समोर बसून ऐकायचं नव्हतं. मीनलने कप घेतला आणि तेव्हा तिचं लक्ष कोनाड्याकडे गेलं.

"आई, दिवा का बंद आहे?"

"तेवढी वीज नव्हती."

मीनलला देवळात नेलं तर ती कारमध्ये बसून राहायची. आरतीच्या वेळी तिला हटकून फोन यायचा. पण एप्रिलमध्ये रोज सकाळी वॉर्डात आलेल्या आईला तीच विचारायची, नाश्ता केलास का, दिवा ठीक आहे का.

तिने चहा अर्धा प्यायला. मग कोनाड्यापाशी गेली आणि समईत वाकून बघितलं.

"हे मी घेऊन जाऊ? माझ्याकडे मेन्स आहे."

सुनीतीने कप खाली ठेवला.

"हा बल्ब बारा व्होल्टचा आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे लावलास तर फुटेल. पंधरा वॅटचा साधा आण. समई घेऊन जा, मी आत होल्डर बदलून देते. पाच मिनिटांचं काम आहे."

"मला मंत्र वगैरे येत नाही."

"मंत्र काही नाही. बंद करायचा नाही, एवढंच."

"किती दिवस?"

सुनीती स्क्रूड्रायव्हर शोधत होती. तो समोरच होता.

"त्यांना बरं वाटेपर्यंत."

मीनल छातीच्या वॉर्डात सहा वर्षं होती. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. काठावर चंद्रशेखर एका हाताने बाक धरून, दुसऱ्या हाताने पावाचे तुकडे टाकत होते. दर तुकड्यामागे थांबत होते.

"मी नेक्स्ट इयर फ्लॅट बदलणार आहे," ती म्हणाली. "तेव्हा?"

"घर बदललं तरी."

"ओके," मीनल म्हणाली. तिने पिशवीतला चिवडा काढून ओट्यावर ठेवला, मोजे पलंगावर ठेवले आणि रिकामी पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरून आईसमोर उभी राहिली.