केसरबाईंची डावी चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे, डाव्या पायाची. जुनी म्हणजे तीन वर्षांची. अंगावर मात्र साधा ओरखडा नाही. मित्रांनो, याचा अभिमान वाटायला मी काही शोकेसमधली बाहुली नाही.

नागपूरच्या एका कारागिराने केसरबाईंच्या पावलांचे माप घेऊन आमची जोडी बनवली. आत मऊ रबर, बोटांना मोकळी जागा, मागे पट्टा. मोहगावच्या केसरबाईंना बारा वर्षांची शुगर. तळव्यांची जाणीव गेली आहे, अनवाणी एक पाऊलही टाकू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. सून सुचिताने आम्हाला हौसेने घरी आणले. केसरबाईंनी दोनदा घालून पाहिले, पुरुषी दिसते म्हणाल्या आणि कपाटाखाली सारले. तिथे माझी विचारपूस फक्त झुरळांनी केली.

दर शनिवारी केसरबाई जामसांवलीच्या फाट्यावर उतरून मारुतीच्या दर्शनाला अनवाणी जात. चैत्रातल्या एका शनिवारी डांबर असे तापले की सोबतच्या बाया उड्या मारत सावली गाठू लागल्या. केसरबाई मात्र सरळ चालल्या. परतल्यावर ओसरीत त्यांनी सुनेला ऐकवलेले मला अजून आठवते.

"मले चटकाच नाही लागून राहिला, पोरी. मारुतीनं माह्या पायाखाली हात ठेवला हाय."

बायांनी म्हणे रस्त्यातच त्यांच्या पावलांवर डोके ठेवले. खाली तळवा भाजून निघाला होता.

पाय पाहू द्या म्हणून सुचिताने दोनदा विनवले. देवाने राखलेला पाय सुनेला कशाला दाखवायचा? त्यांनी पातळ खाली ओढून घेतले. आठव्या दिवशी वास सुटला. तो मला सगळ्यांच्या आधी आला. नागपूरला डावा पाय घोट्याच्या वरून कापला. खरे सांगते, मला बरेच वाटले.

आता उजवी रोज पायात असते. सुचिता आधी तिच्यात हात फिरवून खडा नाही ना ते पाहते. मला ती फेकायला निघाली, तेव्हा केसरबाई म्हणाल्या, "राहू दे वं. माह्या पायाचं माप हाय ते."

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

त्या बायाही भेटून गेल्या. चहा प्यायल्या आणि शनिवारच्या व्रतातच काही चुकले असेल असे म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या शुगरवाल्या आजीला चटका लागत नसेल, तर तिच्या पाया पडू नका. पाय उलटून पाहा.