होडीच्या पंख्यावरचा आळ

मित्रांनो, छताकडे बघू नका. मी एक जुना पंखा आहे खरा, पण होडीच्या इंजिनाचा, पाण्याखाली फिरणारा. मला तीन पाती आहेत, मधोमध मला इंजिनाच्या दांड्याशी घट्ट धरून ठेवणारा रबरी बुश आहे आणि अंगावर दोन आकडे ठोकलेले आहेत, अकरा आणि तेरा. अकरा इंच माझी रुंदी. तेरा म्हणजे एका फेरीत मी होडी किती इंच पुढे न्यावी, हा कारखान्याचा अंदाज. पाणी निसटतं, त्यामुळे तेरा इंच प्रत्यक्षात कधीच भरत नाहीत. म्हणूनच माझा कोणत्याच आकड्यावर विश्वास नाही.

तसा माझा स्वभावच संशयी. साच्यात ओतलं तेव्हाच वाटलं, या अॅल्युमिनियममध्ये भेसळ असणार. दुकानात शेजारी एक चकचकीत स्टीलचा पंखा होता. तो मला हसतो, अशी माझी खात्री होती.

मला विकत घेतलं एका नावाडणीने. तिला सगळे ताई म्हणत. ती नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवायची आणि तिचा धाकटा भाऊ इंजिनाची देखभाल करायचा. नऊ वर्षं मी इमानेइतबारे राबलो. पलीकडच्या दवाखान्यात निघालेल्या बायका उतरताना म्हणायच्या, "तुमची होडी कशी सुळकन येते हो!" कौतुक व्हायचं ते होडीचं. पाण्याखाली कोण वाकून बघतो?

गेल्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि एक खडक माझ्या पात्याला लागला. भावाने मला काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि घरी नेलं. मी म्हटलं, झालं, आता हा मला भंगारात घालणार. त्याने दोन दिवस कानस घेऊन माझी कड सारखी केली, ग्रीस लावलं आणि मला परत बसवलं. तरी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकतच राहिली.

मग नदीला पाणी आलं, ओढ वाढली. ताईने मूठ पूर्ण पिळली. इंजिन किंचाळलं आणि होडी मात्र जागच्या जागी! माझ्याभोवती नुसता फेस. पाणी पकडायला जावं तर हवाच हाती लागत होती. प्रवाहाने होडी आडवी केली, आतली माणसं ओरडू लागली. कशीबशी आम्ही काठाला लागलो.

उतारू गेल्यावर ताईने भावाला धारेवर धरलं.

"खरं सांग, माझा पंखा विकून दुसराच बसवलास ना?"

"ताई, तोच आहे. आकडे बघ."

"आकडे काय, कुणीही ठोकतं. दोन दिवस घरी कशाला ठेवला होतास?"

भावाने हत्यारांची पिशवी उघडली. मग त्याने कानस तिच्यासमोर ठेवली. "तुझा विश्वासच नाही ना, मग दुसरा कुणीतरी बघ," एवढं म्हणाला आणि निघून गेला. पलीकडच्या काठावर एका होडीवर तो कामाला लागला, असं नंतर कळलं.

आणि मी? सांगायला लाज वाटते. ताईचं ऐकून क्षणभर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. मी खरंच तोच आहे ना, असं वाटून गेलं.

चार दिवसांनी मिस्त्री आला. तोही संशयीच, पण त्याच्या खिशात मोजपट्टी होती. आधी त्याने माझ्या मधल्या नळीपासून बुशवरून बाहेरपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढली. ती वाळल्यावर होडी पळवून आणली. बुश आतून सुटला असता तर रेघेचे दोन तुकडे सरकले असते. रेघ जशीच्या तशी होती. मग त्याने पट्टी लावली. माझ्या डोक्यावर इंजिनाची एक आडवी पाटी असते. ती होडीच्या बुडाच्या रेषेत असली, तरच वरची हवा माझ्यापर्यंत ओढली जात नाही. ती चांगली दोन इंच वर निघाली.

"इंजिनाखाली ही फळी कुणी घातली?" मिस्त्रीने विचारलं.

ताईचा चेहरा उतरला. "मीच. पंखा दुरुस्त होऊन आल्यावर. इंजिन थोडं वर राहावं, पुन्हा खडक लागू नये म्हणून. तेव्हा होडी हळूच चालवायचे, काही जाणवलं नाही. काढायची राहूनच गेली."

फळी काढली आणि होडी पहिल्यासारखी पळाली. ताईने ती थेट पलीकडे नेली. भाऊ दुसऱ्याच्या इंजिनाशी खटपट करत होता. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "चुकलं माझं. घरी चल." तो आला.

आता सगळं सुरळीत आहे, असं लोक म्हणतात. पण मला ग्रीस लावायचा दिवस आला की भाऊ पाना हातात घेऊन थांबतो. "ताई, ये. तू समोर उभी राहा, मग काढतो."

"अरे काढ ना, मी कशाला हवी?" ती म्हणते.

तो काढत नाही. मग ती येऊन उभी राहते आणि पदराने डोळे पुसते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखा. होडी अडली तर आधी रेघ ओढा, पट्टी लावा, आपण स्वतः काय केलं होतं तेही आठवा. माझं पातं वाकलं तर ठोकून सरळ करता येतं. म्हणून आळ घ्यायचाच असेल तर माझ्यावर घ्या. घरच्या माणसाला चोर म्हणू नका.