खिडकीकडचा लाल ठिपका

मी लाल ठिपका बोलतोय. हसू नका. ठिपक्याला कसली आलीय जीवनकथा, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण माझ्या वाट्याला जे आलं ते एखाद्या माणसाच्या वाट्याला यायलाही नको, म्हणून सांगायला बसलोय.

माझा जन्म एका शाळेच्या संगणकखोलीत झाला. तिथल्या भिंतीकडच्या एका संगणकाचा पंखा सारखा कुरकुरतो, त्यामुळे त्यावर बसायला कुणी तयार नसतं. नववीच्या तिघांच्या वाट्याला तो आला, कारण ते उशिरा पोचले. संगणकाच्या बाईंनी त्यांना गटकाम दिलं होतं. विषय होता सायबर छळ, म्हणजे फोनच्या आडून एखाद्याच्या हात धुवून मागे लागणं. "भिंतीवरचा तक्ता नकोय मला," बाई म्हणाल्या, "हलतं इन्फोग्राफिक करा. आकडे डोळ्यांपुढे चालले पाहिजेत. भाषणं काय, सगळेच ठोकतात."

तिघांची ओळख करून देतो. पहिली कप्तान. तिला कुणी काम सांगायच्या आत ती बाकीच्यांना कामं वाटून मोकळी झालेली असे, म्हणून हे नाव. दुसरा बोरू. त्याची बोटं सदा काहीतरी रेखाटत आणि तोंड मात्र कुलूपबंद. तिसरी रेडिओ. एकदा लागली की बंद करायचं बटण सापडत नसे. निवेदन अर्थातच तिच्याकडे होतं.

"आकडे इंटरनेटवरून उचलू," रेडिओ म्हणाली.

"ते सगळेच उचलतील," कप्तान म्हणाली. "आपण आपल्या वर्गाचे घेऊ. खरेखुरे."

कप्तानने चिठ्ठ्या केल्या. प्रश्न एकच होता: तुम्हाला कुणी फोनवरून छळलं आहे का? उत्तर हो किंवा नाही. वरती तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, नाव लिहू नये, कुणी काय लिहिलं ते कुणालाही कळणार नाही. ती मनापासून तसं म्हणत होती. कुणी शेजारच्याच्या चिठ्ठीत डोकावलं की ती तिथून ओरडायची, "ए, मान सरळ!"

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा तिघांची तोंडं उतरली. पठ्ठ्यांनी सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं. दोघा-तिघांनी 'हो' लिहून गिरवून गिरवून खोडलं होतं. खोडलेलं धरायचं नाही, असं कप्तानने ठरवलं. न खोडलेलं 'हो' एकच निघालं, अगदी बारीक अक्षरातलं.

"एकच?" रेडिओ म्हणाली. "मग दाखवायचं काय, डोंबल?"

तेव्हा बोरूने तोंड उघडलं. "एकच बरंय. सगळे राखाडी ठिपके आणि एक लाल. नजर तिकडेच जाईल."

झालं, मी जन्मलो.

बोरूने माझ्यावर जीव ओतला, हे मान्य केलंच पाहिजे. आधी राखाडी ठिपके टपटप उमटायचे. मग मी लाल व्हायचो, धडधडू लागायचो आणि मोठा होत होत सगळा पडदा व्यापून टाकायचो. धडधड किती वेगाने हवी हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी मोजली आणि तीच मला दिली. म्हणजे मी ठिपका असलो तरी माझ्यात एका जिवंत मुलाची नाडी आहे. याचा मला तेव्हा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

माझ्या धडधडीवर रेडिओने आवाज चढवला. "हा ठिपका तुमच्याच वर्गात बसतो," ती खोल आवाजात म्हणायची, "तुम्ही त्याला ओळखता का?" ती दोन वाक्यं तिने सतरांदा म्हणून पाहिली. शेवटी कप्तानच्याही अंगावर काटा आला, तेव्हा तिचं समाधान झालं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. तशी ती फार साधी होती. कप्तानने चिठ्ठ्या गोळा केल्या त्या शिस्तीत, दारापासून सुरुवात करून, रांगेमागून रांग, बाकामागून बाक. तो गठ्ठा तिने जराही न विस्कटता बोरूच्या हातात ठेवला. बोरूने वरची चिठ्ठी पहिला ठिपका, त्याखालची दुसरा, असं करत ठिपके मांडले. रांगा छान दिसाव्यात म्हणून चार ओळी केल्या आणि बाकावर दोघं बसतात तसे ठिपके जोडीजोडीने ठेवले. पडद्यावर जे उभं राहिलं तो त्यांचाच वर्ग होता, छतावरून पाहिल्यासारखा. इकडे दार, तिकडे खिडकी. ती तिघं रोज त्या वर्गात बसत होती, पण छतावरून वर्ग पाहतो कोण? एकालाही कळलं नाही. मलाही नाही. ठेवतील तिथे बसायचं, एवढंच ठिपक्याला कळतं. माझी जागा खिडकीकडच्या ओळीत शेवटच्या बाकावर होती आणि मला खेटून एक राखाडी ठिपका होता.

फिल्म तयार झाली आणि ती बघायला सगळी शाळा सभागृहात जमली. दिवे मालवले. राखाडी ठिपके उमटले, मी लाल झालो. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा कुजबुजला. कुजबुज कसली, सगळ्यांना ऐकू गेलं.

"अरे, हा तर आपला वर्ग आहे! हे बघ दार. ही खिडकी. म्हणजे शेवटून..."

तो बोटाने बाक मोजायला लागला. त्याच्या शेजारचाही मोजायला लागला. मग एकेक करत नववीतल्या सगळ्या माना मागे वळल्या. मी मोठा होत होतो. मला थांबायचं होतं हो, पण माझं मोठं होणं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. तेवढ्यात रेडिओचा खोल आवाज घुमला, "तुम्ही त्याला ओळखता का?"

माना वळल्या होत्या तिथे एक मुलगी बसली होती. तिने बाह्या बोटांवर ओढून घेतल्या होत्या. ती माझ्याकडे पाहत होती. आमची ती पहिलीच भेट. मी तिच्यासमोर भिंतीएवढा झालो होतो आणि धडधडत होतो. तिने हळूच मान खाली घातली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी तिघांना पुढे बोलावून शाबासकी दिली. कप्तान हसली. बोरू कसनुसा उभा राहिला, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. टाळ्या वाजायच्या आत त्याच्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर मी होतो, लाल मार्करने काढलेला. तिने पुसला तर मधल्या सुट्टीनंतर पुन्हा होतो. नंतर मी फोनमध्ये शिरलो. तिला संदेश यायचे, त्यात एक अक्षर नसायचं, नुसता मी. अनोळखी नंबरावरून मी, वर्गाच्या गटात मी. एकाने तर फिल्ममधून मला कापून काढलं आणि धडधडत्या रूपात पाठवलं.

ती बाईंकडे फोन घेऊन गेली. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं.

"यात काय आहे गं? ठिपकाच तर आहे. मनावर घ्यायचं नाही."

शिवी असती तर बाईंनी आकाशपाताळ एक केलं असतं. ठिपक्याबद्दल तक्रार तरी काय लिहिणार?

भूत मानगुटीवर बसतं म्हणतात. भुताला निदान स्वतःची इच्छा असत असेल. मला नव्हती. ती जेवायला बसली की फोन थरथरायचा आणि मी उगवायचो. उशीखाली फोन ठेवला तर मी उशीखाली. एका भल्या मुलाची नाडी घेऊन मी तिच्या तळहातावर धडधडायचो आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहायची. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. मग तिने फोन बंद करून कपाटात टाकला. मग शाळेत यायचंही बंद केलं.

एके दुपारी तिची आई संगणकखोलीत आली. त्या एका दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करतात. कामावरून तशाच आल्या होत्या, पांढरा कोट हातावर होता. तिघंही तिथेच होती.

"मला ती फिल्म दाखवा."

कप्तान म्हणाली, "काकू, नको."

"दाखव. काचेखालचे ठिपके बघण्यात माझा दिवस जातो. हाही बघते."

बोरूने फिल्म लावली. मी लाल झालो, तेवढ्यात काकूंनी हात वर केला. "इथे थांबव." मी अर्धवट लाल तसाच थांबलो. त्यांनी पडद्याला बोट लावलं.

"ही माझी मुलगी?"

बोरूने मान हलवली.

"आणि तिला खेटून हा राखाडी कोण?"

रेडिओ पुढे आली. "काकू, ती मी."

हो, रेडिओ त्या मुलीच्याच बाकावर बसायची. चिठ्ठीवर शेजारणीने काय लिहिलं ते रेडिओने पाहिलं नव्हतं, कारण तसा नियम होता. शेजारीण वर्षभर गप्प का आहे हेही तिने पाहिलं नव्हतं, आणि त्याला तर कुठलाच नियम आडवा येत नव्हता.

"कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं काढलं होतं," काकू म्हणाल्या. "तिचे फोटो वेडेवाकडे करून टाकायचे. तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं."

"सगळ्यांचं नाही विचारलं, पोरी. तुझं विचारतेय."

"हो."

"मग तू चिठ्ठीवर काय लिहिलंस?"

"नाही, असं लिहिलं. प्रश्न तसा होता ना, काकू... तुम्हाला छळलं का? मला कुणी नव्हतं छळलं."

"छळताना पाहिलं का, असा नव्हता प्रश्न?"

कप्तान खाली बघत म्हणाली, "तो आम्ही घेतलाच नाही. आम्हाला सुचलंच नाही."

काकूंनी पडद्यावरच्या राखाडी रांगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ती रोज एकच विचारते मला. आई, मी खरं लिहायला नको होतं का गं? वरती लिहिलं होतं, कुणाला कळणार नाही. म्हणून लिहिलं मी."

कप्तान, इतरांना कामं सांगणारी कप्तान, हमसून हमसून रडायला लागली. "काकू, आम्ही फिल्म पुसून टाकतो. आत्ताच्या आत्ता."

"मीही तेच म्हटलं होतं तिला. ती म्हणाली, फिल्म राहू दे, मेहनत केलीय त्यांनी. माझा ठिपका तेवढा काढायला सांग."

बोरूने माऊसचा बाण माझ्यावर आणला. एक कळ दाबली आणि मी संपलो. दुखलं वगैरे काही नाही. उलट धडधड थांबली तेव्हा मला हायसं वाटलं.

पण चौघंही पडद्याकडे पाहतच राहिली. खिडकीकडच्या ओळीत, शेवटच्या बाकावर, राखाडी ठिपक्याशेजारी मोकळी जागा उरली होती. लाल होतो तेव्हा दिसत होतो त्याहून ती जागा जास्त दिसत होती.

"सगळे सरकव," कप्तान डोळे पुसत म्हणाली. "जागा भर."

"नको," रेडिओ म्हणाली. "सरकवू नकोस ना."

काकूंनी कोट उचलला. "घरीही असंच आहे," त्या म्हणाल्या. "शेजारी जेवायला बसलेली असते, तरी पाट रिकामाच वाटतो." आणि त्या गेल्या.

तेव्हापासून मी या मोकळ्या जागेत राहतो. लोकांच्या फोनमध्ये माझ्या नकला अजून फिरतात. त्यांना कुणी आवरू शकत नाही, मी तर नाहीच. तुमच्याकडे एखादी आली तर पुढे पाठवू नका, एवढी कृपा करा. तिथल्या तिथे मारून टाका मला. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण माझी खरंच तशी इच्छा आहे.

मधल्या सुट्टीत रेडिओ एकटीच इथे येते. कुरकुरणारा संगणक लावते, फिल्म उघडते आणि माझ्या जागेकडे बघत बसते. हातात फोन असतो. ती काहीतरी लिहिते, पुसते, परत लिहिते. काल नुसतं 'सॉरी' लिहून तिने तेही पुसलं. तिला माझा आवाज येत नाही, तरी मी रोज तिला सांगतो. तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत असेल तर माझा एवढा निरोप पोचवा.

रेडिओ, फोन ठेव खाली. फोनमधून तिच्याकडे आजवर जे गेलं ते सगळं वाईटच गेलं. तुझी माफीही तिथून गेली तर तिला ती माझ्यासारखीच दिसेल. शाळा सुटली की तिच्या घरी जा. दार उघडलं नाही, तर पुन्हा वाजव. 'शाळेत चल' म्हणू नकोस, ते पुढचं पुढे. आधी नुसती तिला नावाने हाक मार. शाळेत सगळे तिला ठिपका म्हणतात, घरी आई बाळ म्हणते. तिला नावाने कुणी बोलावलंच नाही गं इतक्यात. मी बोलावलं असतं, पण चिठ्ठीवर नाव नव्हतं आणि मला ते कुणी कधी सांगितलं नाही.

तुला ठाऊक आहे.