कुमारी लंका रंगनाथ

मच्छिंद्रला फोन करायची खोडच लागली होती. पुणतांब्याहून नगरच्या नर्सिंग कॉलेजला सुनेचे कागद कुरिअरनं धाडले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारचं जेवण झालं की हा ओट्यावर येऊन बसायचा, चष्मा पुसायचा आणि कॉलेजात फोन लावायचा. "आमच्या सुनंचे कागद पोचले का वो?" तिकडचे क्लार्क सुमंत भला माणूस. पण भला माणूस तरी किती दिवस भला राहणार? "काका, आले की मी स्वतः कळवतो," ते वैतागून म्हणायचे, आणि हा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

त्याचाही इलाज नव्हता. एकुलता एक लेक ओंकार टेम्पोच्या अपघातात गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. मागं राहिली ही मोनिका. ऐन पंचविशीतली पोर, कामं उरकली की भिंतीकडं बघत बसायची. बारावी सायन्स झालेली, नर्स व्हायचं तिच्या फार मनात. ओंकारनं कबूल केलं होतं, तुला शिकवतो म्हणून. लेकाचा तो शब्द आता बापानं उचलला होता. हा प्रवेश हुकला तर पोर कायमची खचेल, या धास्तीनं म्हाताऱ्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटी सुमंतांचा फोन आला. "काका, कागद मिळाले. पण दोन बायांचे मिळाले."

शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका कुमारी लंका रंगनाथची. अर्ज आणि आधार कार्ड मोनिका ओंकारचं. आता घ्या. आपल्याकडं लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो आणि माहेरचं नाव त्या दिवसापासून माहेरीच राहतं, हे कॉलेजच्या कॉम्प्युटरला कोण सांगणार? ओंकारनं 'मोनिका' लिहिलं तेव्हा म्हातारी माणसं हसली होती, हे कसलं फिल्मी नाव म्हणून. गडी लाजून लालेलाल झाला होता.

"लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडा," सुमंत म्हणाले. "मग दोघी एकच ठरतील."

दाखला असायला तर पाहिजे. लग्नाला अख्खं गाव जेवून गेलं, पण नोंदणी करून घ्यावी हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. मच्छिंद्र तसाच ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवकानं आधी मान खाली घातली, मग म्हणाला, "बाबा, नोंदणीला नवराबायको दोघं समोर लागतात. नाहीतर कोर्टातून आणावं लागेल, त्याला महिने जातात." ओंकारला आणायचं तरी कुठून?

राजपत्रात नाव छापून आणायलाही वेळ लागणार होता आणि कॉलेजची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. सुमंतांनी हळू आवाजात मार्ग सांगितला. दाखल्यावर आहे तसाच नवा अर्ज मोबाईलवरून भरा. नाव लंका रंगनाथ, पत्ता माहेरचा, ज्युनिअर कॉलेजच्या जुन्या ओळखपत्राचा फोटो जोडा. "दाखल्यावर कुमारी आहे, तर अर्जातही कुमारीच राहू द्या."

मोनिकानं अर्ज भरायला घेतला आणि एका प्रश्नापाशी येऊन थांबली. विवाहित आहात का?

"मला न्हाई जमणार, मामा," ती म्हणाली. "ह्यांना पुसून टाकून मला न्हाई व्हायचं नर्स."

आतून मच्छिंद्रची बायको मुक्ताबाई कडाडली. "माझा लेक गेला तो गेला. आता त्याचं लगीन बी झालंच न्हाई म्हना."

मच्छिंद्रला त्या माउलीचा राग आला नाही. तिचं काय चुकलं होतं? "बाई," तो सुनेला म्हणाला, "आज ओंकार असता तर त्यानंच भरला असता अर्ज. आन मोबाईल हिकडं. कुठं दाबायचं?"

तिनं दाखवलं. त्यानं चष्मा वर केला, मोबाईल डोळ्यांपाशी नेला आणि 'नाही'वर बोट ठेवलं. ज्या हातानं लेकाला अग्नी दिला, त्याच हातानं हेही केलं. बापाच्या वाट्याला काय काय यावं, देव जाणे. मुक्ताबाई त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पुन्हा फोन लावला. पोचलं की नाही, खात्री नको? सुमंत रजेवर होते. एका बाईनं फोन उचलला.

"कुमारी लंका रंगनाथचे कागद समदे पोचले का, म्याडम?"

"तुम्ही मुलीचे कोण?"

'सासरा' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच अडला. तो बोलला असता तर सगळं मुसळ केरात. बाप म्हणावं, तर व्याही रंगनाथ तिकडं जिवंत होता, आणि दुसऱ्याच्या लेकीचा बाप व्हायला त्याची जीभ रेटेना.

"हॅलो, कोण तुम्ही?"

"कुनी न्हाई, म्याडम," मच्छिंद्र म्हणाला. "गावातला हाय."

"मग तिच्या घरच्यांना सांगा, सगळी कागदपत्रं मिळाली म्हणून. अर्ज मंजूर आहे."

"सांगतो," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

मोनिका दारात येऊन उभी होती. "काय म्हनले, मामा?"

तिनं मामा म्हटलं आणि लेकाच्या सरणापाशीही ज्याच्या डोळ्यातून टिपूस निघालं नव्हतं, तो मच्छिंद्र भरदुपारी ओट्यावर सगळ्या गल्लीदेखत ढसाढसा रडायला लागला.