झिपरीचे आभार

रुपालीबाईंनी या वेळी कोणतीही कसर ठेवली नव्हती. पारनेरजवळच्या त्या वस्तीवरील अंगणवाडीची दर्शनी भिंत त्यांनी नुकतीच रंगवून घेतली होती. तिच्यावर निळा मोर होता, इंद्रधनुष्य होते, आणि त्या माळावर कुणी कधी न पाहिलेले सफरचंदाचे झाडही होते. मागच्या भेटीत पर्यवेक्षिका पुष्पावती मॅडमनी मुलांची म्हणून लावलेली चित्रे निरखून विचारले होते, "ही सगळी तुमची आहेत. पोरांचा हात कुठं दिसतोय?" आज दुपारी मॅडम पुन्हा यायच्या होत्या. तोच शेरा पुन्हा मिळाला, तर वर लेखी खुलासा द्यावा लागेल या काळजीने बाईंना सकाळपासून चहासुद्धा गोड लागला नव्हता.

आजच्या उपक्रमाचे नाव 'निसर्गाचे आभार' असे होते. मुलांनी बाहेर जाऊन एक गोष्ट नीट पाहायची, ती आपल्याला काय देते ते सांगायचे आणि तिच्यासाठी चित्र काढायचे. चित्रे मात्र बाईंनी आदल्या दिवशी घरीच रेखून आणली होती. लिंब, झेंडू आणि फुलपाखरू यांत मुलांनी रेषेबाहेर न जाता फक्त रंग भरायचा होता.

मुले अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी राहिली, पण झाडाकडे एकानेही पाहिले नाही. झाडाला मदतनीस गोजरबाईंची म्हैस झिपरी बांधलेली होती.

"सांगा बरं, झाड आपल्याला काय देतं?"

"झिपरी दूध देती," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"मी झाडाचं विचारतेय."

"झाड सावली देतं, पन सगळी झिपरीच घेती," ओंकारने तक्रार मांडली.

इतक्यात झिपरीने शेपटी उचलली. सगळ्यांचे निरीक्षण एकदम सूक्ष्म झाले.

"बाई, दिलं!" चार वर्षांचा उझैर आनंदाने ओरडला. "आत्ताच दिलं! गरम हाय!"

"थँक्यू झिपरे!" सगळी एका सुरात म्हणाली. बाईंनी नाकाला पदर लावला आणि मुलांना आत नेले.

बाईंनी वाटलेली सगळी चित्रे उझैरने उलटसुलट करून पाहिली. "झिपरीचं कुठाय?"

"म्हशीचं नाही काढलं, बाळा. फुलपाखरू रंगव."

"फुलपाखरू काय देतं?"

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. मॅडम फाट्यावर पोचल्या होत्या आणि त्यांना वस्तीची वाट सापडत नव्हती. मुलांना गोजरबाईंवर सोपवून बाई त्यांना आणायला धावल्या.

दोघी परतल्या तेव्हा भिंतीवरचा मोर मानेपर्यंत बुजला होता. सफरचंदाचे झाड गवऱ्यांनी लगडले होते. प्रत्येक ओल्या गवरीवर पाच इवली बोटे उमटली होती. भिंतीखाली उभे असलेले कलावंत कोपरापर्यंत माखलेले होते.

"हे काय केलंत रे?" बाईंनी कपाळाला हात लावला.

"झिपरीचं चित्र."

मॅडम पुढे झाल्या. "यात झिपरी कुठं आहे?"

उझैरने त्यांच्याकडे कीव करावी तसे पाहिले. "ही सगळी तिचीच हाय की! तिनं दिलं, आमी लावलं."

"अरे, मग मागच्या भिंतीवर तरी लावायचं!" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

"तिकडं सावली असती. वाळत न्हाई," ज्ञानेश्वरीने समजूत घातली. "मोरावर लई ऊन पडतं."

मॅडमनी रेखीव चित्रांचा गठ्ठा चाळला आणि बाकावर ठेवला. मग त्यांनी मुलांना आपापला हात शोधायला लावला. पंजे ठशांवर बसू लागले, भांडणे झाली, मिटली. शेवटी सगळ्यांत वरची एकच गवरी उरली. तिचा पंजा चांगला थोराड होता आणि खाली काचेच्या बांगडीचा ठसा होता. मुलांच्या माना हळूच स्वयंपाकाच्या खोलीकडे वळल्या. दारात गोजरबाई उजवा हात पदराआड धरून उभ्या होत्या.

"पोरांचा हात तितवर पुरंना, मॅडम. आन् रांग अर्धी सोडलेली बरी दिसती का?"

मॅडमनी हसू दाबले, वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, "मुलांचा हात स्पष्ट दिसला." लेखी खुलासा टळला होता.

"हे असंच राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

"असंच कसं? वाळल्या की मी काढून नेनार," गोजरबाई म्हणाल्या. "म्हस माझी हाय."

"पन हात आमचा हाय!" ओंकार गरजला.

सगळे रुपालीबाईंकडे पाहू लागले. बाईंनी मोराच्या उरलेल्या मानेकडे एकदा पाहिले. "न्या, गोजरबाई. पण जितक्या न्याल, तितक्या नव्या लागल्या पाहिजेत. पोरांच्याच हातानं."

"रेषेत?" उझैरने साशंकपणे विचारले.

"लावा रे कुठंही!"

लिंबाखाली झिपरीने पुन्हा शेपटी उचलली. "बाई, दिलं!" करत मुले पळाली. बाईंनी धास्तावून मॅडमकडे पाहिले. मॅडमनी हातातले घड्याळ काढून पर्समध्ये ठेवले होते आणि त्या पदर खोचत होत्या.