दोन पाट्या, एक काच

गिऱ्हाईक खुर्चीत बसून काहीही बोललं, तरी सलूनवाला म्हणायचा, "बरोबर आहे." हे वडिलांनी शिकवलं होतं. ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो घाबरतो आणि मान हलवतो.

त्यामुळे व्हायचं तेच झालं. निवडणूक तोंडावर आली आणि पूल निशाणीवाल्या पक्षाला वाटलं, सलूनवाला आपला. झाडवाल्यांनाही तेच वाटलं. आज दोघंही आपापली पाटी घेऊन येणार होते आणि दुकानाला दर्शनी काच एकच होती.

सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. झाडलेली फरशी तो पुन्हा झाडत होता.

"अहो, झिजेल ती," आतून चहा घेऊन येत बायको म्हणाली. "तुम्हाला स्वतःला कोण पटतं?"

"तीच तर पंचाईत आहे. पूलवाले शाळा दुरुस्त करणार, पण फूटपाथवरच्या विक्रेत्यांना हाकलणार. मी स्वतः फूटपाथवर खुर्ची टाकून सुरुवात केली गं! झाडवाले विक्रेत्यांना हात लावणार नाहीत, पण बाहेरून आलेल्यांना गावात ठेवणार नाहीत. आणि आपला जावई?"

"सगळंच्या सगळं जुळायला हवं असेल तर स्वतःचा पक्ष काढा. मी मात्र मत देणार नाही."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. कुणापाशी 'नाही' म्हणता येतं, ते तरी बघा. आजवर म्हणून पाहिलंय का कधी?"

तो पुन्हा झाडू फिरवू लागला. चहा निवून गेला.

पहिला आला झाडवाला, पंप दुरुस्त करणारा मिस्त्री. पाटी भिंतीला टेकवून तो ऐसपैस बसला. सलूनवाल्यानं साबण लावला, एक गाल गुळगुळीत केला.

"एकदा निवडून येऊ दे," मिस्त्री म्हणाला, "बाहेरच्यांची बोचकी बांधून रवानगी. काय?"

"बरोबर..." अर्धा शब्द तोंडातून निसटलाच. सलूनवाल्यानं वस्तरा मिस्त्रीच्या गालापासून दूर नेला, पाण्याच्या वाटीत ठेवला आणि म्हणाला, "नाही. हे मला पटत नाही. माझा जावई बाहेरचाच आहे."

मिस्त्रीनं आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तू त्यांच्यातला! इतके दिवस गोड बोलून आमचं ऐकत होतास!"

"अरे, ऐकून तरी घे. विक्रेत्यांचं तुमचं म्हणणं मला..."

पण मिस्त्रीनं गळ्याचं कापड ओढून काढलं, पाटी काखेत मारली आणि एका गालावर फेस तसाच ठेवून तो रस्त्याला लागला. एक गिऱ्हाईक गेलं, तेही अर्ध्या दाढीनं!

तेवढ्यात हार्डवेअरवाला आला. हा पूलवाला, शाळेपासूनचा दोस्त. "जरा केस कमी कर. कल्ल्यांना हात लावू नकोस, संध्याकाळी सभा आहे. पाटी आणलीये."

"पाटीचं नंतर. फूटपाथ मोकळा करायचं तुमचं मला पटत नाही," सलूनवाला कात्री चालवता चालवता एका दमात बोलून गेला.

"काय?" हार्डवेअरवाल्यानं गर्रकन मान वळवली आणि कात्रीनं डावा कल्ला निम्मा उडवला.

"मान हलवू नकोस!"

"तू असलं बोलू नकोस! लोकांनी चालायचं कुठून? माझी आई पडली होती तिथं, विसरलास?"

"नाही विसरलो. पण त्या भाजीवालीनं बसायचं कुठं?"

"बसू दे की दुसरीकडे!"

"कुठे? जागा दाखव!"

आवाज चढत गेले. बोलता बोलता सलूनवाल्यानं डाव्याशी जुळवायला उजवा कल्ला कापला. तो जास्त गेला, म्हणून पुन्हा डावा. हार्डवेअरवाला तावातावानं हात नाचवत होता, पण खुर्ची सोडत नव्हता.

शेवटी दोघंही दमले. हार्डवेअरवाल्यानं आरशात पाहिलं आणि कानांजवळ हात नेला. तिथं काहीच नव्हतं.

"हे तोंड घेऊन सभेत जाऊ मी?"

"मीही येतो," सलूनवाला म्हणाला. "पाटी लावतो काचेला. पण सभेत भाजीवालीच्या जागेचं विचारणार. सगळ्यांसमोर."

हार्डवेअरवाल्यानं गळ्याचं कापड सोडलं. "विचार. उत्तर आहे की नाही, मला माहीत नाही." मग गाल चोळत उठला. "आणि कल्ल्यांचं कुणी विचारलं, तर उत्तर तू द्यायचंस."