बाही झालेले सहावे पान

मित्रांनो, मी एक जुना करारनामा आहे. दचकू नका. माझे नाव ऐकले की माणसे एकतर जांभई देतात, नाहीतर सही करायला पेन शोधतात. वाचत मात्र कोणीच नाही. तुम्हीही वाचू नका, नुसते ऐका. माझी पाने आठ. खरे सांगायचे तर सात पाने आणि एक बाही.

माझा जन्म एका मोबाइलच्या दुकानात झाला. काउंटरच्या मागे छपाईचे यंत्र होते, त्यातून मी गरमागरम बाहेर पडलो. एका बाजूला छापलेला, दुसऱ्या बाजूला कोरा. माझी अक्षरे मोहरीपेक्षा बारीक. माझ्या आधी माझे शेकडो भाऊ त्याच यंत्रातून निघाले होते आणि एकालाही कोणी वाचले नव्हते. पण मी नवा होतो. मला वाटले, आपले नशीब वेगळे असेल.

माझ्यासमोर बसल्या होत्या काकू. त्या शिवणकाम करत. त्यांच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा त्यांना काकूच म्हणत. त्यांना स्वस्तात नवा फोन हवा होता. कंपनी फोन देणार होती, पण दोन वर्षे तिचीच सेवा घ्यायची, मध्येच सोडली तर ‘रद्द शुल्क’ भरायचे, असा सौदा होता. दुकानातल्या मुलाने माझी पाने भराभर उलटली.

“काकू, इथे एक सही, इथे एक आणि ही शेवटची.”

“वाचायला नको का रे आधी?”

“वाचून काय करणार? सगळ्यांचं सारखंच असतं.”

काकूंनी सही केली. झाले! माझी आशा तिथेच संपली. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने तरी मला कुठे वाचले होते?

काकूंनी मला घरी आणून शिवणयंत्राच्या खणात टाकले. तिथे बॉबिन होत्या, बिनजोडीची बटणे होती, खडूचे तुकडे होते. सोबत वाईट नव्हती. मी मात्र जरा शिष्ट होतो. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अटी व शर्ती’ असल्या शब्दांत वाढलेला मी, बटणांशी काय बोलणार! वर्षभर मी गप्प पडून राहिलो.

शिवणकामाच्या घरात कागदाला मरण नसते. जुनी वर्तमानपत्रे, कॅलेंडरे, खोक्यांवरचे पुठ्ठे, सगळ्यांचे नमुने होतात. नमुना म्हणजे कापडावर ठेवून, भोवतीने खडू फिरवून, कापायचे माप. काकूंच्या भिंतीवर एका खिळ्याला असे कितीतरी नमुने टांगलेले असत. एके दिवशी शाळेच्या गणवेशांचे काम आले. पहिलीच्या मुलांच्या बाहीसाठी जाड कागद हवा होता. वर्तमानपत्र लगेच फाटायचे. काकूंनी खण उघडला, मला चाचपले आणि मधलेच एक पान ओढून काढले. ते माझे सहावे पान होते.

कात्री फिरली. खोटे कशाला बोलू, मला रडू आले. काकूंनी कोऱ्या बाजूवर निळ्या पेन्सिलीने लिहिले, ‘बाही, पहिली’, आणि पान खिळ्याला लटकवले. छापील बाजू भिंतीकडे गेली.

पुढे पुढे मला त्याचा हेवा वाटू लागला. आम्ही सात जण अंधारात कुजत होतो आणि ते रोज उजेडात, कापडाच्या अंगावर, काकूंच्या हाताखाली. त्या पानाच्या मापाने दीडशे मुलांच्या बाह्या झाल्या. ज्याला वाचायला कोणी तयार नव्हते, त्याला निदान काम तरी मिळाले होते.

मग काकूंनी घर बदलले. नवी खोली तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या बाजूला होती. खिडकी मोठी, कापायच्या टेबलावर छान उजेड. काकू खूश होत्या. पण पहिल्याच दिवशी कळले की खोलीत फोन मुका. कंपनीचे नेटवर्क तिथे पोहोचतच नव्हते. बोलायचे तर तीन मजले चढून गच्चीवर जायचे, आणि काकूंचे गुडघे तर पहिल्याच मजल्यावर हात जोडत. शेजारणीचा फोन दुसऱ्या कंपनीचा. तो त्याच भिंतीपलीकडे खणखणीत वाजायचा, पण शेजारीण दिवसभर कामावर असायची. काकूंच्या फोनात दुसऱ्या कंपनीचे कार्ड घालावे, तर करार संपेपर्यंत फोनला कंपनीचे कुलूप.

एरवी काकूंनी हेही सोसले असते. पण त्यांची लेक दूरच्या गावी होती, तिला नववा महिना लागला होता, आणि जावई फिरतीच्या नोकरीवर. लेकीचे घर बसने पाच तासांवर. काकूंनी गणवेशांचे काम हातावेगळे करून जायचे ठरवले होते. एकदा गच्चीवरून बोलून त्या खाली आल्या, त्या डोळे पुसतच.

“नाना, ती म्हणते, आई, कळा सुरू झाल्या आणि तुझा फोनच लागला नाही तर मी काय करू?”

नाना म्हणजे काकूंचे वडील. त्यांनी चाळीस वर्षे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. बारीक अक्षर आणि तेही उलटे वाचायची त्यांना सवय. सहीच्या दिवशी ते सोबत असते, तर मला हे आत्मवृत्त सांगावेच लागले नसते.

“सोडून दे ती कंपनी,” नाना म्हणाले.

“रद्द शुल्क किती आहे माहितीये? लेकीकडे दोन महिने राहायला म्हणून जे साठवलंय ना, ते सगळं जाईल त्यात. मग मी इथे मशीनवर आणि ती तिथे एकटी.”

काकू दुकानात जाऊन आल्या. मुलगा म्हणाला, शुल्क भरल्याशिवाय सुटका नाही, आणि नेमकी अट सांगितल्याशिवाय तो संगणकावरचा करार उघडायलाही तयार नव्हता. त्यांनी गच्चीवर बसून कंपनीलाही फोन केला. आधी अर्धा तास संगीत ऐकवले, मग एका गोड आवाजाने सांगितले की नियम करारात आहेत, प्रत हवी असल्यास दहा दिवस लागतील.

“करारात?” नानांनी कान टवकारले. “मग करार आहे कुठे?”

आणि मित्रांनो, खण उघडला! नानांनी मला खिडकीपाशी नेले, भिंग काढले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. तुम्हाला काय सांगू मला काय झाले! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला वाचत होते. दुसऱ्या पानावरची छपाईची एक चूकसुद्धा त्यांनी पेन्सिलीने सुधारली. नाना चौथ्या पानावर आले, पाचव्यावर आले. पाचव्याच्या तळाशी नानांनी मोठ्याने वाचले, “‘खालील परिस्थितीत ग्राहकास रद्द शुल्क द्यावे लागणार नाही.’ सापडलं गं!”

त्यांनी पान उलटले. पुढे सातवे.

“सहावं कुठाय?”

काकूंनी खण पालथा घातला. गादी उलटली, कापडाचे गठ्ठे सोडले, कातरणाचे पोतेसुद्धा जमिनीवर ओतले. आणि सहावे पान त्यांच्या डोक्यावर, खिळ्याला, सगळ्यांसमोर लटकत होते! काखेत कळसा म्हणतात तो हाच. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण कागदाला तोंड नसते. ज्याचे सगळे आयुष्य शब्दांत गेले, त्याला ऐन वेळी एक शब्द बोलता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले.

“पान आधीच कमी असेल,” काकू दमून म्हणाल्या. “जाऊ दे नाना. भरते मी पैसे. फोन तरी लागेल तिला.”

“दोन दिवस थांब,” नाना म्हणाले. पण कशासाठी थांबायचे, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गणवेशाचे शेवटचे काम उरकत होत्या. एरवी त्या कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदमच कापत, म्हणून नमुना उलटायची वेळ येत नसे. त्या दिवशी मात्र कापड कमी पडले. दुमडायला पुरेना. मग एका जागी डावी बाही आखली आणि उजवीसाठी नमुना उलटा ठेवायला घेतला. निळी पेन्सिल खाली गेली, छापील बाजू वर आली.

नाना समोरच सुईत दोरा ओवत होते. छापलेले काही दिसले की वाचायचेच, ही त्यांची खोड. “‘चौदा,’” त्यांनी वाचले. “‘कंपनीने दर वाढविल्यास...’ अगं, थांब! खडू ठेव खाली!”

काकूंनी पाहिले आणि कपाळावर हात मारला. “अगं बाई! मीच कापलं की हे!”

बाहीच्या गोलाईने अट क्रमांक चौदाचा थोडा भाग खाल्ला होता. तरी इतके उरले होते: कंपनीने मध्येच दर वाढवले, तर तसे कळवल्यापासून तीस... आणि पुढे कात्रीची कड. खाली, ग्राहकाने लेखी कळवल्यास करार शुल्काविना रद्द होईल.

“दर वाढवलेत का त्यांनी?” नानांनी विचारले.

काकूंना आठवले. त्यांनी फोन घेतला आणि जुने संदेश चाळले. फोनात संदेश होता, पुढच्या महिन्यापासून नवे दर. त्याला सव्वीस दिवस झाले होते.

नानांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, अक्षर असे की जणू छापलेले. काकूंनी सहावे पान पाचव्या आणि सातव्याच्या मध्ये ठेवून टाचणी लावली. कितीतरी दिवसांनी आम्ही आठही जण एकत्र आलो.

दुकानातल्या मुलाने मला हातात घेतले आणि तो हसायलाच लागला. “काकू, ही तर बाही आहे!”

“बाहीच आहे. वाच.”

त्याने वाचले. हसू जरा कमी झाले. “पण इथे नुसतंच तीस आहे. तीस काय? तास की दिवस? पुढचं कापलंय.”

“माझं कापलंय रे बाळा, तुझं नाही ना? तुझ्याकडची प्रत काढ. अट चौदा, पान सहा.”

मुलाने संगणकावर माझी प्रत उघडली. बोट ओळीवरून नेले. ‘तीस दिवसांच्या आत.’ त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग आत जाऊन वरिष्ठांशी बोलला, परत आला आणि अर्जावर शिक्का मारला.

“झालं, काकू. शुल्क नाही. उद्या फोनचं कुलूपही निघेल.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “ही अट मी आजच पहिल्यांदा वाचली. माझ्या आईचाही हाच प्लॅन आहे. त्या बाहीचा एक फोटो घेऊ का?”

काकूंनी बाही सरळ करून धरली.

दोन दिवसांनी काकूंनी दुसऱ्या कंपनीची सेवा घेतली. नवा करारनामा अकरा पानांचा होता. नानांनी दुकानात खुर्ची मागितली, भिंग काढले आणि अकराही पाने वाचेपर्यंत काकूंना पेनला हात लावू दिला नाही. मागे रांग लागली, कोणीतरी चुळबुळले, पण नाना हलले नाहीत. माझ्या त्या धाकट्या भावाचा मला किती हेवा वाटला म्हणून सांगू! तो सहीआधीच वाचला गेला होता.

आणि मग एका दुपारी, खिडकीच्या कट्ट्यावर, खोलीच्या आत, फोन वाजला. काकूंच्या हातातली कात्री टेबलावर पडली.

“आई, निघ लवकर!”

पिशवी तयारच होती. साठवलेले पैसेही जागेवर होते. काकूंनी चप्पल घातली आणि त्या दारातूनच ओरडल्या, “नाना, गणवेशांना काज-बटणं तेवढी शेजारणीकडून करून घ्या!” पाच तासांनी त्या लेकीच्या उशाशी पोहोचल्या आणि रात्र सरायच्या आत नाना पणजोबा झाले. काकूंना नात झाली होती.

काकू दोन महिने तिथे राहिल्या. परत आल्यावर त्यांनी बाहीचा नमुना जाड पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आणि सहावे पान मला कायमचे परत दिले. माझा करार संपला आहे, मित्रांनो. कायद्याने आता मला काही किंमत नाही, मला कचऱ्यात टाकले तरी चालेल. पण काकू टाकत नाहीत. मी त्याच खणात आहे, टाचणीसकट. बटणांशी आता माझे चांगले जमते.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आम्ही करारनामे बारीक अक्षरांचे असतो, कंटाळवाणे असतो, पण तुम्हाला बांधून ठेवणारी गाठ आमच्याच पोटात असते आणि ती सोडवायची युक्तीही तिथेच. आम्हाला सांभाळून ठेवा, सगळी पाने मोजून. आणि कोणी तुमच्यापुढे पेन धरले, तर आधी चष्मा मागा.